पोष ग्रंथी, वाढ आणि प्रजनन : संप्रेरकांचे प्रमाण आणि त्यांचा स्पंद

कवडसा (धागालेखक)

१९२० च्या दशकात फिलिप स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने पांढऱ्या उंदरांवर एक अतिशय नाजूक शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखवली. मेंदूला कोठेही धक्का न लावता, घशाच्या बाजूने वाट काढून त्याने कवटीच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी, म्हणजे बोलताना आपण जिला पिट्युटरी म्हणतो ती, काढून टाकली. त्या पिल्लांची वाढ जागच्या जागी थांबली, थायरॉइड आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आक्रसल्या, आणि वृषणे व अंडाशय सुकत गेले. नंतर त्याच प्राण्यांच्या शरीरात रोज ताज्या पोष ग्रंथीचे तुकडे बसवले, तेव्हा वाढ पुन्हा सुरू झाली आणि जननग्रंथीही सावरल्या. वाटाण्याएवढी आणि माणसात जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाची ही ग्रंथी वाढ आणि प्रजनन या दोन्ही गोष्टी एकदमच हाती धरून आहे, हे या प्रयोगांनी निर्विवाद दाखवले.

तरीही हे दोन विषय पुस्तकांत बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, आणि वाचणाऱ्याचा समज असा होतो की ग्रंथीतून एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन, उंचीसाठी निघते, दुसरी दोन प्रजननासाठी निघतात, आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. हा समज अपुरा आहे असे मला वाटते. वाढीला शेवटचा जोर देणारी आणि तीच वाढ कायमची थांबवणारी संप्रेरके जननग्रंथींतून येतात; आणि दोन्ही बाबतींत संप्रेरक किती आहे याइतकेच ते कोणत्या तालात येते हेही निर्णायक असते. या दोन मुद्द्यांसाठी हा धागा काढला आहे.

प्रथम रचना पाहू. पोष ग्रंथीचे दोन खंड आहेत आणि त्यांचा जन्मच वेगळा आहे. पुढचा खंड गर्भाच्या तोंडाच्या छतातून वर सरकलेल्या पेशींचा बनतो, तर मागचा खंड मेंदूतूनच खाली उतरलेला असतो. मागच्या खंडात मेंदूतल्या चेतापेशींची टोके येऊन पोचतात आणि ऑक्सिटोसिन व व्हॅसोप्रेसिन ही दोन संप्रेरके तेथून रक्तात सोडली जातात. पुढच्या खंडात मात्र मेंदूतून मज्जातंतू जवळजवळ येतच नाहीत. मग मेंदूचा हुकूम तेथे पोचतो कसा? हायपोथॅलॅमस, म्हणजे ग्रंथीच्या लगेच वरचा मेंदूचा भाग, आणि पुढचा खंड यांच्यामध्ये रक्तवाहिन्यांचे एक छोटे खास जाळे आहे. हायपोथॅलॅमस त्यात अत्यल्प मात्रेत रसायने सोडतो आणि ती सर्वसाधारण रक्तप्रवाहात विरून जाण्यापूर्वीच ग्रंथीपर्यंत पोचतात. जेफ्री हॅरिस या इंग्रज शास्त्रज्ञाने हा विचार पुढे नेला. १९५२ मध्ये त्याने आणि डोरा याकोबसोनने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पोष ग्रंथी काढलेल्या उंदरांच्या माद्यांमध्ये ग्रंथीचे कलम बरोबर हायपोथॅलॅमसच्या खाली बसवले, तेव्हा त्यांचे ऋतुचक्र परत आले. तेच कलम मेंदूच्या दुसऱ्या भागाखाली बसवले, तेव्हा ते जिवंत राहूनही निरुपयोगी ठरले. ग्रंथी तीच असली, तरी तिला हायपोथॅलॅमसचा शेजार नसेल तर ती मुकी होते.

त्या रसायनांचा शोध घेण्यात रॉजर गिलमँ आणि अँड्र्यू शॅली यांच्या दोन गटांनी वर्षानुवर्षे मेंढ्यांच्या आणि डुकरांच्या लाखो हायपोथॅलॅमसवर काम केले. १९७१ मध्ये शॅलीच्या गटाने दहा अमिनो आम्लांच्या एका छोट्या साखळीची रचना जाहीर केली. तिला आज जीएनआरएच म्हणतात आणि तीच प्रजननाची मुख्य किल्ली आहे. या दोघांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांच्यासोबत ते रोझलिन यालो यांनाही मिळाले, कारण रक्तातली इतकी सूक्ष्म मात्रा मोजण्याची पद्धत त्यांनी विकसित केली होती. मला स्वतःला यालो यांचे काम या संपूर्ण विषयाचा पाया वाटते. जे मोजता येत नाही त्याची लय कोणाला दिसणार?

ही लय एर्न्स्ट नोबिल यांच्या प्रयोगशाळेत दिसली. ऱ्हीसस माकडांचा हायपोथॅलॅमसमधला संबंधित भाग निकामी करून त्यांना बाहेरून जीएनआरएच देण्यात आले. ते सतत, अखंड धारेने दिले, तेव्हा पोष ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही जननग्रंथींना चालवणारी दोन्ही संप्रेरके येईनाशी झाली. तेच रसायन तासातून एकदा, काही मिनिटांसाठी दिले, तेव्हा दोन्ही परत आली. हा निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याहून विलक्षण प्रयोग १९८० चा आहे: अद्याप वयात न आलेल्या माकडिणींना तासाला एक याप्रमाणे जीएनआरएचचे स्पंद दिले आणि त्यांच्यात प्रौढ मादीसारखी बीजोत्सर्गाची चक्रे सुरू झाली, स्पंद बंद करताच त्या पुन्हा बालावस्थेत गेल्या. त्यांची पोष ग्रंथी तयार होती, अंडाशयही तयार होते. वाट होती ती मेंदूच्या ठोक्याची.

या स्पंदांचा वेगही अर्थपूर्ण असतो. ते जलद पडले तर एलएचला झुकते माप मिळते, सावकाश पडले तर एफएसएचला. एकच संदेशवाहक असूनही त्याच्या तालावरून ग्रंथी दोन वेगळे अर्थ लावते.

वाढ संप्रेरकाचेही असेच आहे. १९१ अमिनो आम्लांचे हे प्रथिन दिवसभर एकसारखे पाझरत नाही. ते झटक्यांत येते, आणि त्यांतला मोठा झटका रात्री गाढ झोप लागल्यानंतर लवकरच येतो. दोन झटक्यांच्या मध्ये रक्तातली पातळी जवळजवळ शून्यावर असते. हायपोथॅलॅमसकडून येणारे एक रसायन त्याला चालना देते आणि सोमॅटोस्टॅटिन नावाचे दुसरे त्याला आवरते. पोटातून येणारे घ्रेलिनही त्याला उत्तेजन देते.

हे संप्रेरक हाडापर्यंत कसे काम करते, याचा उलगडा १९५७ मध्ये सुरू झाला. सॅमन आणि डॉहडे या दोन संशोधकांनी पोष ग्रंथी काढलेल्या उंदरांची कूर्चा प्रयोगशाळेत वाढवली. तिच्यावर वाढ संप्रेरक थेट घातले तर परिणाम अगदी अल्प. पण धडधाकट उंदराच्या रक्तातला द्रव घातला की कूर्चा कामाला लागायची. म्हणजे मध्ये आणखी कोणी तरी होते. ते मध्यस्थ आज आयजीएफ-१ या नावाने ओळखले जाते. वाढ संप्रेरकाच्या आदेशावरून यकृत ते मोठ्या प्रमाणात तयार करते. हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते. तिच्यातल्या पेशी विभागतात, फुगतात, त्यांच्या जागी हाड तयार होते, आणि हाड लांब होत जाते. उंची वाढते ती या पट्टीमुळेच. ही पट्टी मिटवण्याचे काम कोणते संप्रेरक करते, हा माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न आहे. त्याविषयी चर्चेत सविस्तर लिहीन.

शोधयात्री

लेखन आवडले, परंतु एक भर घालावीशी वाटते. यकृताचे आयजीएफ-१ हेच सर्व काही करते, असा समज आपल्या शेवटच्या परिच्छेदावरून होऊ शकेल. १९९९ मध्ये अशी उंदरे तयार करण्यात आली की ज्यांच्या केवळ यकृतातले आयजीएफ-१ चे जनुक निष्क्रिय केले होते. त्यांच्या रक्तातली आयजीएफ-१ ची पातळी सुमारे तीन चतुर्थांशाने घसरली, तरी त्यांची शरीराची वाढ जवळपास नेहमीसारखीच झाली. याचा अर्थ वाढीच्या पट्टीत आणि इतर ऊतींमध्ये जागच्या जागी तयार होणारे आयजीएफ-१ फार महत्त्वाचे आहे, आणि वाढ संप्रेरक त्या पट्टीवर स्वतःही काम करते.

दुसरा पुरावा माणसांतला आहे. १९६६ मध्ये इस्रायलमध्ये झ्वी लॅरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय ठेंगण्या मुलांचे वर्णन केले, ज्यांच्या रक्तात वाढ संप्रेरक कमी नव्हते. उलट खूपच जास्त होते. दोष त्या संप्रेरकाच्या ग्राहीत, म्हणजे पेशीवर ते संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनात, होता, त्यामुळे आदेश सुटत होता पण कोणी ऐकत नव्हते, आणि आयजीएफ-१ तयार होत नव्हते. खालून आयजीएफ-१ चा 'पुरे' असा निरोप येत नसल्यामुळे पोष ग्रंथी अधिकाधिक जोराने आदेश देत राहिली. पोष ग्रंथीचे कोणतेही संप्रेरक केवळ एकदा मोजून अर्थ लावणे किती फसवे असते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. ग्रंथीचा आवाज आणि लक्ष्य अवयवाचा प्रतिसाद हे दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावे लागतात.

कवडसा

शोधयात्री, आपली दुरुस्ती मान्य आहे, आणि लॅरॉन यांचे उदाहरण मूळ लेखातच यायला हवे होते.

आता पट्टी मिटवण्याविषयी. अनेक वर्षे असे मानले जाई की मुलींमध्ये हे काम इस्ट्रोजेन करते आणि मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन. तर्काला ते पटण्यासारखे होते. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्याची उंची २०४ सेंमी होती, ती अजूनही वाढत होती, आणि त्याचे हाडांचे वय, म्हणजे हाडांच्या परिपक्वतेवरून ठरणारे वय, १५ वर्षांच्या मुलाइतके होते. त्याच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन नेहमीइतके होते. पौरुषाची सर्व लक्षणे होती. उणीव होती ती इस्ट्रोजेनच्या ग्राहीची. त्याच्या शरीरातले इस्ट्रोजेन कोणत्याही पेशीला काही सांगू शकत नव्हते, म्हणून हाडांच्या टोकांवरच्या पट्ट्या मिटल्याच नव्हत्या, आणि हाडे ठिसूळही झाली होती. पुढे टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन तयार करणाऱ्या ॲरोमॅटेज या विकराचा अभाव असलेले पुरुष आढळले. त्यांची स्थिती अशीच होती, आणि त्यांना इस्ट्रोजेन दिल्यावर पट्ट्या मिटल्या.

म्हणजे पुरुषाची उंची थांबवणारे संप्रेरकही इस्ट्रोजेनच आहे. फक्त ते त्याच्याच टेस्टोस्टेरॉनमधून घडते. आता साखळी पूर्ण पाहा. मेंदूचा स्पंद, त्याने पोष ग्रंथीतून एलएच, एलएचने जननग्रंथीतून लैंगिक संप्रेरक, त्या संप्रेरकाने आधी वाढ संप्रेरकाचे झटके मोठे करून उंचीची उसळी, आणि त्याच संप्रेरकाने अखेर वाढीच्या पट्टीचा शेवट. प्रजननाची तयारी आणि वाढीची समाप्ती ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत. मुली सरासरीने मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी उसळी घेतात आणि त्यामुळे आधीच थांबतात. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या सरासरी उंचीत सुमारे १३ सेंमीचा फरक दिसतो, त्यातला बराचसा वाटा या दोन जास्तीच्या वर्षांचा असतो.

दीपमाळ

माझा प्रश्न व्यावहारिक आहे. माझा मुलगा साडेतेरा वर्षांचा आहे. वर्गातल्या बहुतेक मुलांपेक्षा तो बुटका आहे आणि वयात आल्याची लक्षणेही अद्याप विशेष दिसत नाहीत. एका परिचितांनी सुचवले की रक्तातले वाढ संप्रेरक तपासून घ्या आणि कमी असल्यास इंजेक्शने सुरू करा. वरचे वाचल्यावर मला शंका येऊ लागली आहे की एका रक्ततपासणीतून हे कळणार तरी कसे?

कवडसा

आपली शंका रास्त आहे. दिवसा कोणत्याही वेळी घेतलेल्या रक्तात वाढ संप्रेरक जवळजवळ शून्य येऊ शकते, कारण तो नमुना दोन झटक्यांच्या मधल्या शांततेत घेतलेला असतो. म्हणून त्याऐवजी आयजीएफ-१ पाहतात, कारण ते वाहक प्रथिनांना चिकटून रक्तात तासन्‌तास टिकते आणि दिवसभर फारसे वरखाली होत नाही. आणि खरोखरच शंका असेल तर ग्रंथीला औषधाने चेतवून ठरावीक अंतराने रक्त घेतले जाते.

परंतु या सगळ्याच्या आधी सर्वांत मोलाची तपासणी म्हणजे भिंतीजवळ उभे करून काळजीपूर्वक घेतलेले माप, आणि सहा महिने ते वर्षभरानंतर पुन्हा तसेच घेतलेले माप. मूल किती उंच आहे यापेक्षा ते कोणत्या वेगाने वाढते आहे, यातून पोष ग्रंथीविषयी अधिक कळते. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षी सुमारे २५ सेंमी, दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मे, आणि नंतर वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ६ सेंमी हा ढोबळ क्रम आहे. लहान वयातच वेग वर्षाला ४ ते ५ सेंमीच्या खाली गेला, किंवा मूल आपल्या वाढीची आलेखरेषा सोडून खाली उतरू लागले, तर तपास करायलाच हवा. त्यात थायरॉइडही पाहतात, कारण थायरॉइड मंद असताना वाढ संप्रेरक पुरेसे काम करू शकत नाही.

आपल्या मुलाबाबत एक शक्यता अशी असते की त्याचे हाडांचे वय जन्मतारखेच्या वयापेक्षा मागे असावे. डाव्या हाताच्या पंजाचे आणि मनगटाचे क्षकिरण चित्र घेऊन ते ठरवतात. अशी मुले उशिरा वयात येतात, उशिरापर्यंत वाढतात, आणि बहुतेकदा कुटुंबाच्या उंचीला साजेशा उंचीवर पोचतात. अनेकदा आईला किंवा वडिलांनाही वयात यायला उशीर झालेला असतो. मुलग्यांमध्ये १४ वर्षांपर्यंत वृषणांचा आकार वाढू लागला नाही, आणि मुलींमध्ये १३ वर्षांपर्यंत स्तनांची वाढ सुरू झाली नाही, तर तज्ज्ञांना दाखवावे असा संकेत आहे. मी निदान करू शकत नाही आणि करूही नये. परंतु परिचितांच्या सल्ल्यावरून इंजेक्शनांकडे वळण्यापूर्वी बालसंप्रेरक तज्ज्ञांकडे मापांची नोंद घेऊन जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पायवाट

या इंजेक्शनांचा इतिहासही नोंदवून ठेवायला हवा. गायीचे किंवा डुकराचे वाढ संप्रेरक माणसात चालत नाही. हे इन्सुलिनसारखे नाही. म्हणून १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मृत व्यक्तींच्या पोष ग्रंथी गोळा करून त्यांतून ते काढले जात असे. एका मुलाच्या उपचाराला पुष्कळ ग्रंथी लागत, त्यामुळे ते अत्यंत दुर्मिळ होते आणि फक्त गंभीर अभाव असलेल्या मुलांनाच मिळे. १९८५ मध्ये असे लक्षात आले की लहानपणी ते घेतलेल्या काही तरुणांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा प्राणघातक आजार झाला आहे. संसर्ग त्या ग्रंथींतूनच आला होता. त्याचा वापर थांबवण्यात आला, आणि योगायोगाने त्याच वर्षी जिवाणूंमध्ये जनुक घालून तयार केलेल्या वाढ संप्रेरकाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्या कुटुंबांनी आपल्या मुलाच्या भल्यासाठी वर्षानुवर्षे ती इंजेक्शने दिली, त्यांच्या वाट्याला काय आले असेल, याचा विचार करून आजही मन विषण्ण होते. आता पुरवठा मुबलक आहे, म्हणूनच गरज नसलेल्या मुलाला ते देण्याचा मोह टाळण्याची जबाबदारी वाढली आहे.

मृद्गंध

मी माझा अनुभव लिहिते, कारण मूळ लेखात प्रोलॅक्टिन या पोष ग्रंथीच्या दूध तयार करणाऱ्या संप्रेरकाचा उल्लेखच नाही. लग्नानंतर तीन वर्षे मला दिवस राहत नव्हते. पाळी आधी लांबली आणि मग थांबलीच. सर्व उपचार अंडाशयाच्या दिशेने चालले होते. पुढे एका डॉक्टरांनी स्तनांतून दुधासारखा स्राव येतो का असे विचारले. तो येत होता, पण मी तो कोणाला सांगितला नव्हता, कारण त्याचा पाळीशी संबंध असेल असे मला वाटलेच नव्हते. तपासणीत प्रोलॅक्टिन खूप वाढलेले आढळले आणि एमआरआय चित्रात पोष ग्रंथीत काही मिलिमीटरची गाठ दिसली. गोळ्यांनी काही महिन्यांत पाळी सुरू झाली आणि दुसऱ्या वर्षी मला मुलगी झाली. दूध तयार करणारे संप्रेरक गर्भधारणा कसे काय रोखते, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

शोधयात्री

आपण हे मोकळेपणाने लिहिलेत, त्याचा अनेकींना उपयोग होईल.

अंगावर पाजणाऱ्या आईला लगेच पुन्हा गर्भ राहू नये, अशी निसर्गाची एक व्यवस्था आहे. बाळ वारंवार चोखते, प्रोलॅक्टिन वाढलेले राहते आणि जीएनआरएचचे स्पंद मंदावतात. प्रोलॅक्टिन हे बहुतांशी किसपेप्टिन नावाचे प्रथिन दाबून करते, जे एरवी जीएनआरएच सोडणाऱ्या पेशींना चेतवते. आपल्या बाबतीत बाळ नसतानाच ग्रंथीतल्या त्या गाठीने हा निरोप दिला. अंडाशय निर्दोष होते. त्यांना वरून ठोकाच मिळत नव्हता. संप्रेरक निर्माण करणाऱ्या पोष ग्रंथीच्या गाठींत हीच गाठ सर्वाधिक आढळते, आणि शस्त्रक्रियेशिवाय केवळ गोळ्यांनी ती बहुतेकदा आटोक्यात येते, हा दिलासाही आहे.

त्या गोळ्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनासारखे काम करतात. यात एक मर्म दडलेले आहे. पुढच्या खंडातल्या इतर संप्रेरकांना हायपोथॅलॅमस मुख्यतः चालना देतो, प्रोलॅक्टिनला मात्र तो डोपामिनने अहोरात्र दाबून ठेवतो. त्यामुळे पोष ग्रंथीचा देठ तुटला तर बाकीची संप्रेरके घटतात आणि प्रोलॅक्टिन तेवढे वाढते. तिला 'प्रमुख ग्रंथी' म्हणण्याची पद्धत आहे. हे पाहिल्यावर ते नाव मला पटत नाही. ती मेंदूचे म्हणणे शरीराच्या भाषेत सांगते आणि शरीराचे उत्तर ऐकून आपला आवाज बदलते.

अनुस्वार

किसपेप्टिनचा विषय निघालाच आहे तर थोडे सविस्तर लिहितो, कारण गेल्या पंचवीस वर्षांतला या क्षेत्रातला हा सर्वांत मोठा बदल आहे. जीएनआरएच सोडणाऱ्या चेतापेशी संपूर्ण मेंदूत जेमतेम काही हजार आहेत. त्यांना अंडाशयाची स्थिती कळायला हवी, पण इस्ट्रोजेन ओळखणारा मुख्य ग्राही त्यांच्यापाशी नाही, हे अनेक वर्षे कोडे होते. २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी अशी कुटुंबे अभ्यासली की ज्यांतल्या काही व्यक्ती वयातच आल्या नव्हत्या, आणि त्यांच्यात किसपेप्टिनच्या ग्राहीचे जनुक बिघडलेले निघाले. किसपेप्टिनच्या पेशी इस्ट्रोजेन ओळखतात आणि ती वार्ता पुढे देतात. स्पंदांचा ताल धरण्याचे कामही त्यांच्याच एका गटाकडे आहे, असे आता मानले जाते.

आणखी एक गोष्ट मला फार विस्मयकारक वाटते. जीएनआरएचच्या पेशी मेंदूत जन्मत नाहीत. गर्भात त्या नाकाच्या भागात तयार होतात आणि वासाच्या तंतूंच्या आधाराने मेंदूत चालत जातात. हा प्रवास अडला तर मूल वासाची जाणीव नसलेले जन्मते आणि पुढे आपणहून वयात येत नाही. कॅलमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात, किशोराला फुलाचा वास येतो का हा साधा प्रश्न निदानाची वाट दाखवतो.

पायवाट

एक शंका आहे. लैंगिक संप्रेरके जर 'पुरे' असा निरोप वर पाठवून एलएच कमी करतात, तर बीजोत्सर्गाच्या वेळी इस्ट्रोजेन भरपूर असताना एलएचची एवढी मोठी लाट येते कशी?

कवडसा

इथे नियम उलटतो. चक्राच्या सुरुवातीला एफएसएच काही पुटकांना, म्हणजे अंडाशयातल्या बीज धरणाऱ्या पिशव्यांना, वाढवते. पुटकाच्या बाहेरच्या थरातल्या पेशी एलएचच्या सांगण्यावरून पुरुषी संप्रेरके तयार करतात, आतल्या थरातल्या पेशी एफएसएचच्या सांगण्यावरून त्यांचे इस्ट्रोजेन करतात. वाढणारे इस्ट्रोजेन आणि पुटकांतूनच येणारे इन्हिबिन हे संप्रेरक मिळून एफएसएच उतरवतात. त्या टंचाईत एकच पुटक सहसा टिकते. ते टिकलेले पुटक इतके इस्ट्रोजेन ओतते की पातळी एका मर्यादेपलीकडे जाऊन सुमारे दोन दिवस तेथेच राहते. अल्प इस्ट्रोजेन रोखते, पण दीर्घकाळ टिकलेले उच्च इस्ट्रोजेन उलट चेतवते. एलएचची लाट उठते आणि तिच्या आरंभापासून साधारण दीड दिवसात बीजोत्सर्ग होतो. म्हणजे बीज परिपक्व झाल्याची खबर स्वतः पुटकच देते. नंतर उरलेल्या पुटकाचा पीतपिंड बनतो, त्यातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक येते आणि स्पंद पुन्हा सावकाश होतात.

पुरुषांत अशी लाट नसते, परंतु 'पुरे' हा निरोप तेथे फार कडक आहे. व्यायामशाळांमध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणारे अनेक तरुण असे समजतात की त्यामुळे पुरुषत्वाबरोबर प्रजननक्षमताही वाढेल. घडते नेमके उलट. बाहेरचे टेस्टोस्टेरॉन पाहून मेंदू आणि पोष ग्रंथी गप्प होतात, एलएच आणि एफएसएच घसरतात, आणि वृषणाच्या आत शुक्राणूंसाठी लागणारे टेस्टोस्टेरॉन, जे रक्तातल्या पातळीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असावे लागते, ते तयार होईनासे होते. रक्तात संप्रेरक भरपूर असते आणि वीर्यात शुक्राणू नसतात. इंजेक्शने थांबवल्यावर बहुतेकांचे कार्य परत येते, पण त्याला अनेक महिने लागू शकतात, आणि मूल हवे असलेल्या जोडप्यासाठी तो काळ फार कठीण असतो. हे प्रत्येक तरुणाला कोणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे.

दीपमाळ

आपण दिलेल्या उत्तराबद्दल आभारी आहे; मापांची नोंद आजपासून सुरू केली आहे आणि तज्ज्ञांची वेळही घेतली आहे. एक शेवटचा प्रश्न: माझ्या बहिणीच्या सात वर्षांच्या मुलीत वयात येण्याची लक्षणे दिसू लागली आहेत. ती वर्गात सर्वांत उंच आहे, म्हणून घरातले निश्चिंत आहेत. वरच्या साखळीप्रमाणे पाहिले तर ही निश्चिंती चुकीची आहे का?

कवडसा

होय, आणि आपण ते अचूक ओळखलेत. मुलींमध्ये आठ वर्षांपूर्वी आणि मुलग्यांमध्ये नऊ वर्षांपूर्वी लक्षणे दिसली तर ती वेळेआधीची मानतात. आज ती मुलगी उंच आहे, कारण इस्ट्रोजेनने तिची उसळी लवकर सुरू केली आहे. पण तेच इस्ट्रोजेन तिच्या वाढीच्या पट्ट्या लवकर मिटवेल, आणि प्रौढपणी ती बरोबरीच्या मुलींपेक्षा बुटकी राहू शकेल. कारण शोधणे आवश्यक आहे. मुलींमध्ये बहुतेकदा वेगळे कारण सापडत नाही, परंतु क्वचित मेंदूतली गाठ असू शकते. मुलग्यांमध्ये अशी गाठ आढळण्याची शक्यता अधिक असते, म्हणून त्यांच्याबाबत तपास अधिक कसून करतात.

उपचाराची गरज ठरलीच, तर जे औषध देतात ते जीएनआरएचचेच दीर्घकाळ टिकणारे रूप असते. १९७८ च्या माकडांना आठवा: स्पंदाने चेतवणारे रसायन अखंड दिले की ग्रंथी गप्प होते. सुरुवातीचे काही दिवस संप्रेरके थोडी वाढतात, मग एलएच आणि एफएसएच उतरतात, अंडाशय शांत होतात, हाडांचे वय पळायचे थांबते. योग्य वयात औषध बंद केल्यावर मेंदूचे स्वतःचे स्पंद पुन्हा ग्रंथीपर्यंत पोचू लागतात आणि मुलगी आपल्या क्रमाने वयात येते. बहिणीला म्हणावे, वाट पाहू नका. या महिन्यातच दाखवा आणि शाळेत घेतलेली जुनी उंचीची मापे असतील तर तीही सोबत न्या.